दुकानाची पाटी आणि चौकातला फलक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

जाहिरात फलकांवर निर्बंध हवेत, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की फलकांवर निर्बंध आले की त्याची झळ कोल्हापुरातल्या राजारामपुरीसारख्या बाजारपेठेतल्या लहान दुकानदाराला बसते, नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र तसेच राहतात. आणि महापालिकेचे शुल्क भरल्यावर फलक कुठे व केवढा लावायचा, हे व्यावसायिकाने ठरवावे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. दुकानावरची नावाची पाटी आणि चौकातला भाड्याचा फलक मी एकाच मापाने मोजला, ही माझी चूक झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा भेद करतो : इमारतीच्या वर, आकाशात उभ्या राहणाऱ्या जाहिरातीला तो ‘आकाशचिन्ह’ म्हणतो आणि कलम २४४ मध्ये तिचा स्वतंत्र विचार करतो, तर कलम २४५ मध्ये ज्या इमारतीत धंदा चालतो तिच्यावरच लावलेल्या त्या धंद्याच्या साध्या पाटीला सवलत देतो. फ्लेक्सच्या बाबतीत तर आपले आणि माझे मतभेदच नाहीत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध २०१७ मध्ये दिलेला निकाल राजकीय फलकांनाही तितकाच लागू आहे.

शुल्काचा मुद्दा मात्र मला मुळीच मान्य नाही. शुल्क भरल्याने जागा योग्य ठरत नाही, कारण वारा पावती पाहत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या सपाट पत्र्यावर दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भार टाकतो. म्हणजे २० बाय २० फुटांच्या फलकावर पावणेदोन टनांच्या आसपास, आणि वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. त्याला लोहमार्ग पोलिसांची परवानगी होती, मुंबई महापालिकेची नव्हती. १७ माणसे गेली. आपल्याकडे वैशाखात वळीव कसा येतो, हे मी आपल्याला सांगायला नको. मागच्या वळवानंतर एका इमारतीच्या गच्चीवर मी स्वतः पाहिले : फलकाच्या सांगाड्याचा लोखंडी अँगल वेल्डिंगच्या जोडापाशी गंजून पापुद्रे सुटलेला, आणि तिथे आधाराला बांधलेली बाइंडिंगची तार. खाली रिक्षा थांबा होता. संबंधितांना सांगितले, तर नूतनीकरणाचे पैसे भरले आहेत एवढेच उत्तर मिळाले.

म्हणून परवानगीआधी जागा तपासली पाहिजे. ताराराणी चौकासारख्या ठिकाणी वळणाऱ्या केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, चालकाला रस्ता ओलांडणारा माणूस दिसतो का, सिग्नलचा दिवा मागच्या झगझगाटात हरवतो का, भवानी मंडपाची कमान झाकली जाते का, हे नगररचनेचे प्रश्न आहेत. ते वसुलीच्या टेबलावर सुटत नाहीत. शिवाय शहरात नकार मिळालेला फलक शिरोलीत किंवा उचगावात महामार्गालगत उभा राहू नये, यासाठी महापालिका आणि शहरालगतच्या गावांचे नियोजन पाहणारे प्राधिकरण यांचे निकष एकच हवेत.

आपण शेवटी आपल्या दुकानाच्या, पदपथावर आडव्या आलेल्या पाटीविषयी विचारले आहे. ती काढून भिंतीला समांतर बसवावी. आणि आतून प्रकाश देणार असाल, तर आधी महापालिकेच्या परवाना विभागात लेखी विचारणा करून उत्तराची प्रत जपून ठेवावी.