एका क्लिकमध्ये व्हिडिओ, फक्त पाच संध्याकाळी लागतील

मावशीच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम तिकडच्या केबलवाल्याने आपल्या वेबसाइटवर टाकला आणि मावशीचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, तेवढं पेनड्राइव्हवर घालून दे. टीव्हीला लावून बघू सगळ्याजणी." सव्वा तासाचा व्हिडिओ. मी म्हटलं, दहा मिनिटांत देतो. त्याला आज पाच दिवस झाले. एवढी विद्या एकट्याने पचवणं बरं नाही, म्हणून तुम्हालाही वाटतो.

आधी ब्राउझरच्या दुकानात जाऊन एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, निवडा. हिरवं चिन्ह, खाली जाणारा बाण, साडेचार तारे. "गुड", "नाइस", "व्हेरी नाइस अ‍ॅप" असं लोकांनी मनापासून लिहिलंय. आणखी काय हवं?

यूट्यूबवरचं काही हवं असेल तर क्रोमला लांबूनच नमस्कार करा. क्रोमचं दुकान गूगलचं, यूट्यूबही गूगलचं, त्यामुळे यूट्यूबवरून उतरवून देणारी एक्स्टेन्शनं त्या दुकानात चालत नाहीत. चालतात ती "कुठलाही व्हिडिओ डाउनलोड करा" असं मोठ्याने सांगणारी, आणि खाली बारीक अक्षरांत "यूट्यूब सोडून". म्हणजे वरण-भात मिळेल, भात सोडून.

आता बटण दाबा. फाइल चुटकीसरशी येते. आकार ३० केबी. सव्वा तासाचं भजन ३० केबीत, केवढी बचत! मी ती नोटपॅडमध्ये उघडली, तर आत नुसते पत्ते. हल्ली व्हिडिओ अख्खा येतच नाही, सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून येतो, आणि ही एम३यू८ फाइल म्हणजे कुठला तुकडा कुठे ठेवलाय त्याची वही. साडेसातशे तुकडे. बसा वेचत.

वेचायचे नसतील तर दुसरं एक्स्टेन्शन घ्या. त्याने रात्रभर खपून तुकडे जोडले. सकाळी लावून बघतो तर मावशी तोंड उघडतेय, मिटतेय, शेजारच्या काकू डोळे मिटून टाळ वाजवतायत, पखवाजवाला मान डोलावतोय, आणि आवाज नाही. भजनाचा मूकपट. चित्र एका फाइलमध्ये, आवाज दुसरीत, आणि आमचं एक्स्टेन्शन चित्र तेवढं घेऊन आलं. आवाजासाठी म्हणे "सोबतचं अ‍ॅप" बसवा. बसवलं. आवाज आला. फुकटवाल्यांसाठी मावशीच्या चेहऱ्यावर क्यूआर कोडही आला. ती गातेय की वर्गणी मागतेय, कळेना.

यूट्यूब-डीएल आणि त्याचा धाकटा भाऊ वायटी-डीएलपी ही व्हिडिओ उतरवणारी साधनं फुकट आहेत, त्यांत जाहिराती नाहीत. यूट्यूब-डीएल तर अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०२० मध्ये गिटहबवरून, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवरून, निघालं आणि नोव्हेंबरात परत आलं. पण काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करावी लागतात. एवढा कमीपणा आपण का घ्यायचा?

परवानगीबद्दल. "सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे" असं विचारलं की बिनधास्त हो म्हणा. भजन उतरवायचं तर त्याला तुमच्या बँकेचं पान नको का वाचायला? नोटिफिकेशनलाही "अलाउ" दाबा. मी दाबलं. दुसऱ्या दिवशी शोधायला जावं ते भलत्याच सर्च इंजिनवर उघडायला लागलं. रात्री दोनला लॅपटॉप ओरडला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत! सोमवारी मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली, तिमाहीचे आकडे दाखवत होतो, आणि उजव्या कोपऱ्यातून वर आलं, "तुमच्या परिसरातल्या एकट्या महिला". साहेब म्हणाले, "पुढची स्लाइड घ्या." आणि एखादं एक्स्टेन्शन आज चांगलं असलं तरी उद्याचं कोणी सांगावं? 'द ग्रेट सस्पेंडर' हे नावाजलेलं एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड आहे म्हणून ते बंद केलं. तोवर वापरणारे बिचारे वापरतच होते. मालक बदलला म्हणून तुमच्या दारात पेढे घेऊन कोण येणार?

पुरे झालं. उपरोध-बिपरोध राहू दे बाजूला. अहो एक्स्टेन्शनवाले, आवाज आणि चित्र जोडणारं एफएफएमपेग जगाला फुकट मिळतं, ते जोडायला माझ्या मावशीच्या तोंडावर ठिगळ कशाला? पैसे हवेत तर तसं आधी सांगा, रात्रभर राबवून घेऊन मग नाही. आणि केबलवाल्या, त्या बायका महिनाभर तालीम करून गायल्यात. भजन त्यांचं. खाली एक डाउनलोडचं बटण ठेवलंस तर तुझं काय जातं? आणि तुम्ही काय हसताय? तुमच्या ब्राउझरच्या कोपऱ्यात अशी चिन्हं किती आहेत, बघा. कधी टाकलं होतं, कशाला टाकलं होतं, आठवतंय का एक तरी? मलाही नव्हतं आठवत. सात निघाली.

त्यात दुसऱ्याच दिवशी मी मावशीला बोलून गेलो होतो, "चित्र दिसतंय, पण आवाज येत नाहीये." तिला वाटलं, कार्यक्रमातच माइक बंद होता. जाऊन माइकवाल्याशी भांडून आली ती.