आपल्याच पोरांना पहिलं आणणारी निःपक्ष परीक्षा कशी काढावी

तुमच्याकडे पैसा आहे, बंगला आहे, आणि एका नामांकित विद्यापीठात आजोबांच्या काळापासून घरच्यासारखं येणंजाणं आहे. आता तिथली जागा पोराच्या नावावर करायची आहे. पण काळ वाईट आला. लोक वशिला म्हणतात, घराणेशाही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पोरगंही जरा बेतास बात आहे. घाबरू नका. तुम्हाला हवी फक्त एक परीक्षा. सगळ्यांना तोच पेपर, तीच वेळ, तेच घड्याळ, आणि निकाल लागल्यावर मागे पडलेलं पोर स्वतःलाच दोष देईल अशी. अमेरिकेने ही विद्या शंभर वर्षांत चांगली घोटून ठेवली आहे. तिचं नाव सॅट, म्हणजे तिकडच्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा.

सुरुवात शास्त्रापासून करायची. वंश, रंग, कूळ हे शब्द आपल्या तोंडून काढायचे नाहीत, आकड्यांकडून वदवून घ्यायचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने लाखो जवानांची बुद्धी मोजली. त्यात एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को म्हणजे तिकडचा डालडा. सिसिलीहून आलेल्या, ऑलिव्हच्या तेलात जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर त्याची बुद्धी कमी, विषय संपला. इंग्रजी न येणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून त्यांना चित्रांची वेगळी परीक्षा होती. चित्रात काय राहून गेलंय ते भरायचं. एका चित्रात टेनिसचं मैदान, आणि मधलं जाळं गायब. ज्याने जन्मात कुदळ धरली त्याने हातात पेन्सिल घेऊन टेनिसचं जाळं काढायचं. याहून समान संधी ती काय द्यायची?

मग एखादा विद्वान गाठा. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी हेच आकडे घेऊन १९२३ साली पुस्तक लिहिलं. उत्तर युरोपातले गोरे सर्वांत हुशार, दक्षिण आणि पूर्व युरोपातले त्यांच्या खाली, कृष्णवर्णीय तळाला. पण आकड्यांत एक खोड निघाली. अमेरिकेत येऊन वीस वर्षं झालेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे, आणि नुकतेच आलेल्यांचे कमी. तुमच्या-आमच्यासारखा म्हणेल, वीस वर्षांत त्यांना डालडा कळला. ब्रिगम म्हणाले, छे, हल्ली येणारा मालच निकृष्ट. पुढे कुणीतरी दाखवून दिलं की इलिनॉय आणि ओहायोतल्या कृष्णवर्णीयांचे गुण मिसिसिपीतल्या गोऱ्यांपेक्षा वरचे आहेत. त्यावरही उत्तर होतंच: हुशार तेवढे उत्तरेकडे निघून आले असणार. हे कौशल्य कमावून ठेवा. आकडे उलटले तर आकड्यांना हात लावायचा नाही, अर्थ बदलायचा.

याच ब्रिगमसाहेबांच्या देखरेखीखाली २३ जून १९२६ रोजी पहिली सॅट झाली. आठ हजारांवर मुलं, ९७ मिनिटं, ३१५ प्रश्न. १९३० साली त्यांनी छापील कबुली दिली की आपल्या त्या पुस्तकाला पायाच नव्हता. माणूस प्रामाणिक होता, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पुस्तक गेलं, परीक्षा राहिली. तेव्हा पश्चात्ताप करायचा असेल तर खुशाल करा, फक्त परीक्षा रुळावर आल्यानंतर करा.

प्रश्न काढताना ओंगळपणा टाळा. 'तुमच्या बाबांची बोट आहे का?' असं थेट कोण विचारतं? त्याऐवजी असं विचारा: धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच कुणाचं कशाशी? राजदूताचं दूतावासाशी, हुतात्म्याचं कत्तलीशी, वल्हेकऱ्याचं रेगाटाशी, पंचाचं स्पर्धेशी, की घोड्याचं तबेल्याशी? उत्तर वल्हेकरी आणि रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत. होड्यांच्या शर्यती बघत वाढलेल्या, केरळातल्या अलप्पुळाच्या एखाद्या पोराला हे कदाचित जमलंही असतं, पण ते कुठे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या गरीब शाळेत बसलं होतं? हा प्रश्न सॅटमध्ये खरोखर येऊन गेला, आणि त्यावर इतकी वर्षं टीका झाली की तो पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होऊन बसला. अशा नात्यांचे प्रश्नच २००५ साली काढून टाकले. बिघडलं काहीच नाही, कारण खरी मेख प्रश्नात नसून प्रश्नांच्या निवडीत आहे.

ती नीट समजून घ्या. नवा प्रश्न आधी गुण न देता मुलांवर चालवून बघतात. एकूण पेपरात वर आलेल्यांनी तो सोडवला आणि खाली राहिलेल्यांचा चुकला, तर प्रश्न चांगला. उलट झालं तर प्रश्न सदोष म्हणून बाद. म्हणजे काल जे हुशार ठरले त्यांना जे येतं, तेच उद्याही हुशारीचं लक्षण. प्रश्न एखाद्या वंशाच्या विरोधात जातो का, हेही तपासतात, अगदी काटेकोरपणे तपासतात: दोन्ही गटांतली सारख्या गुणांची मुलं घेऊन तुलना करतात. सारखे गुण कुठले? त्याच परीक्षेतले. पट्टी वाकडी आहे का, हे त्याच पट्टीने मोजायचं. यात कुणाची लबाडी नसते, आणि म्हणूनच ही पद्धत तुम्हाला इतकी मानवेल.

शिकवणीबद्दल दोन तोंडांनी बोलायला शिका. परीक्षा घेणाऱ्यांनी अनेक वर्षं सांगितलं की ही उपजत कुवतीची परीक्षा आहे, घोकून काही होत नाही. तिकडे ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लन नावाचे शिकवणीवाले मास्तर घोकून घ्यायचे आणि मुलांचे गुण वाढायचे. सरकारी चौकशी झाली, १९७९मध्ये अहवाल आला, आणि शिकवणीने फरक पडतो असं निघालं. दुसरा कुणी खजील झाला असता. इथे उलट शिकवणीचा धंदा तेजीत आला, आणि १९८४ साली वॉशिंग्टन पोस्टच्या कंपनीने कॅप्लनचे क्लास विकत घेतले. (लातूर-कोट्याच्या वाचकांनी हसू नये.) गरिबांसाठी २०१५पासून फुकट ऑनलाइन सराव आहेच. तासाला काहीशे डॉलर घेणारा मास्तर तुमच्या डायनिंग टेबलावर, आणि गरिबाला दुव्याचा पत्ता. फिटंफाट झाली.

पोराला वेळ पुरत नसेल तर तोही विकत मिळतो. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ देण्याची सोय आहे, आणि ती रास्तच आहे. ज्या शाळेत समुपदेशकच नाही तिथल्या गरजू मुलाची अडचण कुणाच्या ध्यानातही येत नाही, तो भाग वेगळा. तुम्ही हजारो डॉलर मोजून खासगी तपासणी करून घ्या. रिक सिंगर नावाचे सल्लागार श्रीमंत पालकांना नेमका हाच मार्ग सांगायचे. पुढची पायरीही त्यांच्याकडे होती: पेपर झाल्यावर उत्तरं दुरुस्त करणारा पर्यवेक्षक. अभिनेत्री फेलिसिटी हफमन यांनी लेकीसाठी १५,००० डॉलर दिले, २०१९ साली प्रकरण उघडं पडलं आणि त्यांना चौदा दिवसांची कैद झाली. यावरून घ्यायचा धडा एवढाच, की बेकायदा खर्च करू नका. कायदेशीर खर्चाने तेच काम होतं.

एवढं करूनही कुणी म्हणालंच की ही परीक्षा श्रीमंतधार्जिणी आहे, तर लगेच मान्य करा. आकडे त्याच्याच बाजूने आहेत. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलांना १६००पैकी १३०० किंवा अधिक गुण मिळण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या तेरापट असते. तेव्हा उदार मनाने परीक्षा ऐच्छिक करून टाका. कोविडमध्ये बहुतेकांनी केलीच. मग प्रवेश कशावर द्यायचा? निबंधावर, जो लिहून देणारे सल्लागार आहेत. छंदांवर, म्हणजे तलवारबाजी आणि शिडाची होडी. शिफारसपत्रांवर, जी चारशे मुलांमागे एक समुपदेशक असलेल्या शाळेत कोण लिहिणार? चार वर्षांनी परीक्षा परत आणा, गरिबांच्याच भल्यासाठी. डार्टमथ या नामांकित कॉलेजने २०२४मध्ये सांगितलं की गरीब घरची मुलं चांगले गुण असूनही ते कळवत नव्हती, आणि त्यात त्यांचंच नुकसान होत होतं. हे खरंही आहे. परीक्षा असो वा नसो, भांडण तिच्यावरच चालू राहिलं पाहिजे, म्हणजे बाकीच्या दारांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दारं बरीच आहेत. आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो म्हणून हार्वर्ड विद्यापीठावर भरलेल्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, अध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले, म्हणजे देणगीदार वगैरेंच्या घरचे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून दिलेले प्रवेश घटनाबाह्य ठरवले. ही यादी जागच्या जागी राहिली.

आता न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. न्यायालयाच्या या निकालानंतर तुमच्या व्हॉट्सॲप गटावर पेढे वाटले गेले, ते योग्यच. आपल्या पोरांचे गुण वरचे, त्यामुळे परीक्षा निःपक्ष असणारच. १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं तेव्हा बोरिवलीचे कंडक्टर विमानात बसले नव्हते, डॉक्टर आणि इंजिनिअर बसले होते, हे गणपतीच्या आरतीनंतर काढायचं कारण नाही. डेट्रॉइटच्या पोराला 'मेहनत करा' म्हणून सांगा, आपण केलीच होती.

आणि वारसा-प्रवेशावर, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापावर, बोलायची घाई करू नका. थोरली यंदा कॉर्नेलमधून बाहेर पडतेय ना? पंचवीसेक वर्षांनी तिचं पोर अर्ज भरेल. आई-वडील कुठल्या कॉलेजात शिकले, असा एक रकाना त्यात असतो. तोवर माजी विद्यार्थी निधीला दरवर्षी थोडा थोडा चेक जाऊ द्या.