बॅटरी पूर्ण उतरू द्या, म्हणे!

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्याचे दिवस सुरू होतात, आणि त्याबरोबर 'कॅमेऱ्याच्या बॅटरीची पथ्यं' नावाचा एक मेसेजही दरवर्षी नव्या दमाने फिरायला लागतो. त्यात सहा कलमं आहेत. एक, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. दोन, नवी बॅटरी पहिल्यांदा सलग बारा तास चार्ज करा. तीन, जास्त एमएएचची (लेबलवरचा क्षमतेचा आकडा) घ्या, तेवढे फोटो जास्त. चार, पेन्सिल सेल साधेच घ्या, कारण ते दीड व्होल्टचे असतात आणि चार्जिंगचे फक्त 1.2 चे. पाच, कंपनीची सोडून दुसरी बॅटरी घातली की कॅमेरा जळतो. सहा, पॉवर बँक कॅमेऱ्याला कधीही लावू नका.

यंदा माझ्याकडे नव्याने कामाला लागलेल्या पोराने तो मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सर, आपण यातलं काहीच करत नाही.' करत नाही, हे खरं आहे.

पहिलं कलम कुणाच्या डोक्यातून उगाच निघालेलं नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांचा व्होल्टेज लवकर पडायचा. म्हणून त्या काळचे शूटिंगवाले बॅटरी मुद्दाम उतरवून मग चार्ज करत, आणि ते बरोबरच होतं. पण लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली आणि हळूहळू सगळे कॅमेरे तिच्यावर गेले. हिचा स्वभाव नेमका उलटा. हिला अर्ध्यावर चार्जिंगला लावलेलं चालतं, किंबहुना तेच मानवतं. तळाला नेलेली मात्र सोसत नाही.

आमच्या धंद्यात हे चातुर्मासात कळतं. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, बॅगा कपाटात जातात. शेवटच्या लग्नात पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवून दिली, तर ती चार महिने थोडी थोडी आणखी झिरपत राहते. सेलचा व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेला की आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करतं. मग कार्तिकात चार्जरला लावली की दिवा नुसता फडफडतो. पूर्ण भरून ठेवणंही बरं नाही, विशेषतः उकाड्यात. निम्म्याच्या आसपास चार्ज, थंड कोरडी जागा, आणि कॅमेऱ्यातून बाहेर काढलेली, एवढं पुरतं. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी विसरणारे मी पाहिलेत. पूर्ण उतरवण्याचं व्रत पाळूनही त्यांच्या बॅटऱ्या दोन सीझनमध्ये मेल्या.

बारा तासांच्या चार्जिंगबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चार्जर प्रत्येक सेल साधारण 4.2 व्होल्टपर्यंत नेतो आणि थांबतो. कॅननची जुनी एलपी-ई6 बॅटरी अडीच तासांत भरते. उरलेले साडेनऊ तास तुम्ही चार्जरच्या दिव्याकडे बघत बसणार, एवढंच.

तिसऱ्या कलमाने मात्र लोकांचे पैसे जातात. एमएएच हा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला व्होल्टने गुणावं लागतं. फ्लॅशमधले चार निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे चार्जिंगचे पेन्सिल सेल घ्या, प्रत्येकी 2000 एमएएच. ते एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एमएएच 2000 च राहतात आणि व्होल्ट होतात 4.8. गुणाकाराला हजाराने भागलं की 9.6 वॅट-तास, म्हणजे सेलमध्ये भरलेली एकूण ताकद. आता कॅननची एलपी-ई6एनएच घ्या: 2130 एमएएच आणि 7.2 व्होल्ट, म्हणजे पंधराच्या वर वॅट-तास. एमएएच जवळपास सारखे, ताकद दीडपटीहून जास्त. तुलना करायचीच तर लेबलवरचा 'डब्ल्यूएच', म्हणजे वॅट-तास, बघा.

त्यातही लेबल खरं असेल तर. या एलपी-ई6 घराण्याचाच हिशोब पाहा. 2008 मध्ये पहिली आली ती 1800 एमएएचची. 2014 ची एलपी-ई6एन 1865 ची, आणि 2020 ची एलपी-ई6एनएच 2130 ची. डबी तीच, आकार तोच. कॅननला बारा वर्षांत जेमतेम अठरा टक्के वाढ साधली. आणि बाजारात त्याच मापाची, निम्म्याहून कमी किमतीची बॅटरी मिळते, तिच्यावर छापलेलं असतं 2800! एवढं कोंबायचा मंत्र त्या कारखान्याला सापडला असता तर तो बॅटऱ्या स्वस्तात विकत बसला नसता.

एका चार्जमध्ये किती फोटो, हा आकडाही जपून वाचायचा. जपानच्या सीआयपीए या कॅमेरा उद्योगाच्या संस्थेच्या ठरलेल्या चाचणीतून तो येतो. त्यात दर तीस सेकंदांनी एक फोटो काढतात आणि फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एकाआड एक फोटोला तो उडवतात. आपण अक्षता पडताना असे फोटो काढतो का? एका दमात वीस-पंचवीस निघतात, त्यामुळे छापलेल्या आकड्याच्या दुप्पट फोटो सहज मिळतात. व्हिडिओ लावला की तीच बॅटरी वरातीपर्यंतही पोचत नाही.

आता पेन्सिल सेल. कॅमेऱ्यातून ते जवळपास गेले, फ्लॅशमध्ये मात्र मुक्काम ठोकून आहेत. मेसेजवाल्याचं गणित कागदावर बिनचूक आहे: चार दिडे सहा व्होल्ट, आणि चार्जिंगचे चार मिळून 4.8. पण तो आकडा सेल नुसता पडलेला असतानाचा. फ्लॅश चार्ज होताना काही अँपिअर ओढतो. साध्या अल्कलाइन सेलचा आतला रोध जास्त, त्यामुळे ओढ लागली की त्याचा व्होल्टेज बसतो आणि जसजसा वापराल तसतसा आणखी उतरत जातो. निकेल मेटल हायड्राइडचा रोध कितीतरी कमी. तो 1.2 धरून बसतो, जवळजवळ शेवटपर्यंत.

हे कानाने ऐकता येतं. फ्लॅश उडाल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो आणि तयारीचा दिवा लागतो. चार्जिंगच्या सेलवर तो आवाज पटकन संपतो. अर्ध्या वापरलेल्या अल्कलाइनवर भटजींचं 'शुभ मंगल सावधान' झालं, लोकांनी अक्षता टाकल्या, नवरीने हार घातला, तरी शिट्टी चालूच. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स 150 मध्ये दोन पेन्सिल सेल लागत. त्याच्या मॅन्युअलमध्येच चार्जिंगच्या सेलवर साध्यांपेक्षा दुपटीहून जास्त फोटो दिले आहेत. आणि हे अल्कलाइनचं झालं. किराणा दुकानात रिमोटसाठी मिळतो तो स्वस्त सेल झिंक-कार्बनचा असतो. गडाच्या पायथ्याशी टपरीवर घेऊन कॅमेऱ्यात घातलेले सेल वर पोचायच्या आत का गेले, याचं उत्तर तिथे आहे.

चार्जिंगचे सेल महिनाभर पडून राहिले की आपोआप उतरायचे, ही तक्रार पूर्वी रास्त होती. सॅन्योने 2005 मध्ये एनेलूप आणले, तेव्हापासून कमी झिरपणारे सेल मिळतात. लडाखच्या थंडीत जायचं असेल, किंवा सेल वर्षभर बॅगेत पडून राहणार असतील, तर एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल घ्या. महाग आहेत, पण थंडीत टिकतात. मात्र पेन्सिल सेलच्याच मापाचे 3.7 व्होल्टचे लिथियम-आयन सेल मिळतात, 14500 नावाचे, ते चुकूनही नकोत. चार घातले की जवळपास पंधरा व्होल्ट. कॅमेरा जळायची भीती कुठे बाळगायची असेल तर इथे.

पाचव्या कलमात थोडं तथ्य आहे, आणि ते मी भोगलंय. एका हळदीला, ओळखीच्या दुकानातून घेतलेली स्वस्त बॅटरी कॅमेऱ्यातच फुगली. झाकण उघडलं, खटका दाबला, बॅटरी हलेना. नवरीचे मामा विचारतायत, 'फोटोग्राफर, थांबलात का?' आणि मी कॅमेरा उलटा धरून तळहातावर आपटतोय. शेवटी निघाली. कॅमेरा जळला नव्हता, पण बॅटरीची खोबण सैल झाली ती झालीच. दुकानदार म्हणाला, 'एका लॉटमध्ये होतं असं.'

तरीही 'कंपनीची सोडून सगळ्या वाईट' हे मला पटत नाही. नाव सांगून स्वतःची बॅटरी विकणारी दुसरी कंपनी वेगळी, आणि कॅननचं किंवा सोनीचं नाव छापून विकलेला डुप्लिकेट माल वेगळा. पहिल्यातल्या काही मी वर्षानुवर्षं वापरतोय. फार तर कॅमेरा स्क्रीनवर तक्रार करतो किंवा उरलेला चार्ज नीट दाखवत नाही, कारण त्यांची चिप त्याला ओळखीची नसते. घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि आयएस 16046 हा बॅटरीच्या सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक लेबलवर आहे का ते बघा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

पॉवर बँकेचं कलम मायक्रो-यूएसबीच्या काळात अडकलंय. टाइप-सी असलेले बरेच नवे कॅमेरे पॉवर बँकेवर चार्ज होतात, काही तिच्यावर चालतातही. काहींना मात्र पॉवर बँक 'पीडी', म्हणजे पाचापेक्षा जास्त व्होल्ट देऊ शकणारी हवी. कॅननचा आर6 साध्या पाच व्होल्टच्या पॉवर बँकेला दाद देत नाही, आणि लोक समजतात कॅमेरा बिघडला. जुन्या कॅमेऱ्यांसाठी डमी बॅटरी मिळते, म्हणजे बॅटरीच्या आकाराची डबी, जिला वायरने बाहेरून वीज येते. लग्न लाइव्ह दाखवायचं असलं की आम्ही तीच लावतो. 20000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 3.7 व्होल्टने गुणून 74 वॅट-तास. सोनीच्या कॅमेऱ्यांची एनपी-एफझेड100 बॅटरी असते 16.4 ची. वाटेतली गळती धरून तीन-साडेतीन वेळा भरेल.

विमानातली मर्यादा शंभर वॅट-तासांची आहे, म्हणजे ही त्यात बसते. पण ती आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाहीत. गोव्याच्या लग्नाला निघताना पोराने नेमक्या त्या मोठ्या बॅगेत, ट्रायपॉडखाली भरल्या होत्या. काउंटरसमोर जमिनीवर बसून सगळ्या उपसून काढल्या. त्या मेसेजात हे कलम नव्हतं.