हलका ट्रिगर म्हणजे पक्का नेम? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नेमबाजांत आणि परवानाधारकांत एक मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करावा लागतो ती) मनासारखी बांधून घ्यायची तर आधी कंपनीचा ट्रिगर काढून टाका आणि बाजारात मिळेल तो सगळ्यात हलका, म्हणजे कमीत कमी ओढीत सुटणारा, बसवा. जितका हलका तितका नेम पक्का. ऑलिंपिकवाले ग्रॅममध्ये मोजतात, तुम्ही किलोत का ओढता? टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत ओढायचा ट्रिगर, ही लष्करातली जुनी अडगळ. आणि काम काय, दोन पिना काढल्या की झालं. रेंजवर येणाऱ्या पोरांनी हे मला पाठवलं आणि 'सर, खरं काय यात?' असं विचारलं. यातल्या दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

'हलका म्हणजे पक्का नेम.' ट्रिगर गोळीला दिशा देत नाही. नळी, काडतूस आणि नेमबाज जे देतील तेच कागदावर उमटतं. चांगला ट्रिगर एवढंच करतो की गोळी सुटण्याच्या क्षणी बोटामुळे रायफल हलू देत नाही. त्यासाठी वजनापेक्षा सातत्य लागतं. समजा एक ट्रिगर दर वेळी 900 ग्रॅमलाच सुटतो आणि दुसरा कधी 350 तर कधी 500 ला. मी डोळे झाकून पहिला घेईन, कारण दुसरा कधी सुटेल हे बोटाला कधीच कळत नाही. म्हणून घेण्याआधी पुल गेजने (ओढीचं वजन मोजायच्या काट्यानं) दहा वेळा ओढून सगळे आकडे लिहून काढा. सरासरीपेक्षा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक बघा. सुटण्याआधी ट्रिगर खरवडत सरकतो का आणि सुटल्यावर बोट मागे किती जातं, तेही बघा. खोक्यावर सांगितलेलं वजन सगळ्यात शेवटी.

'ऑलिंपिकवाले ग्रॅममध्ये मोजतात.' खरं आहे, पण अर्धंच. 50 मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान अट नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्य घेतलं ते याच प्रकारात, थ्री पोझिशनला. पण तिथली शिस्तही बघा. एका वेळी एकच काडतूस, नळी कायम टार्गेटकडे, हुकूम झाल्याशिवाय बोल्ट बंद नाही. भरलेली रायफल घेऊन कुणी पाऊलभरही चालत नाही. त्याच आंतरराष्ट्रीय नियमांत 300 मीटर स्टँडर्ड रायफलला किमान 1500 ग्रॅम आणि 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम लागतात. म्हणजे जगातले उत्तम नेमबाज दीड किलोच्या ट्रिगरवरही दहाच्या वर्तुळात गोळ्या घालतात. जांबोटीकडं शेतराखणीसाठी परवाना घेतलेल्या माणसानं अंधारात, चिखलात, थंड बोटांनी वापरायची बंदूक शंभर ग्रॅमवर आणणं याला मी वेडं धाडस म्हणेन.

हे धाडस का, ते आतून समजून घ्या. स्ट्रायकरला (काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याला) सीअर नावाचा अडसर अडवून धरतो आणि सीअरला ट्रिगरची धार टेकू देते. वजन कमी करायचं तर ही टेकलेली धार कमी करायची किंवा स्प्रिंग ढिली करायची. मर्यादेपलीकडं गेलात की बोल्ट जरा जोरात मिटला तरी धार सटकते आणि बोट न लावता बार उडतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मिलिमीटरच्या अंशावर टेकलेली कड धक्क्याला किती भरवशाची असते.

'टू-स्टेज म्हणजे अडगळ.' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. टू-स्टेजमध्ये पहिल्या ओढीत सीअरची जास्तीची पकड सुटते, मग बोटाला भिंत लागते आणि त्यापुढं थोडकाच दाब उरतो. म्हणजे बोट लागेपर्यंत पकड भरपूर आणि सुटताना हलकी. अँशुट्झचा 5018 हा सामन्यांच्या रायफलींतला नावाजलेला ट्रिगर टू-स्टेजच आहे. बेंचरेस्टवाल्यांना (टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्यांना) सिंगल-स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात सुटणारा, आवडतो, तोही योग्यच. तुमची रायफल टेबलावर टेकणार की खांद्यावर, यावर ते ठरवा.

'कंपनीचा ट्रिगर टाकाऊच.' याला थोडा आधार आहे. रेमिंग्टन 700 या अमेरिकी रायफलीच्या जुन्या वॉकर ट्रिगरमध्ये ट्रिगर आणि सीअर यांच्यामध्ये एक सुटी पट्टी असायची. धूळ किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं की ती जागेवर न येण्याची भीती होती, आणि त्यावरून अमेरिकेत मोठे खटले झाले. नंतरचा एक्स-मार्क प्रो 2014 मध्ये कंपनीनं परत मागवला, कारण जोडणीत चिकटद्रव्य जास्त पडलं होतं. पण सॅव्हेज कंपनीनं 2002-03 च्या सुमारास अ‍ॅक्युट्रिगर आणला, त्यात मधली पाती पूर्ण दाबल्याशिवाय सीअर सुटतच नाही. तो काढून दुसरा बसवायची घाई कशाला? बदलायचाच तर ट्रिगरटेकसारखा रोलरवर सुटणारा बघा, टिम्नी बघा. मात्र यातले बरेच रेमिंग्टन 700 च्या मापाचे असतात. तुमची अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसतो तो रायफलचा मधला भाग) त्या मापाची नसेल तर यादी एकदम आखूड होते.

जुन्या ली-एनफील्ड घडणीत तर ट्रिगर गार्डला टांगलेला असतो, त्यामुळं लाकूड फुगलं की ओढ बदलते. आपल्या खानापूर पट्ट्यातला पाऊस त्याला पुरेसा आहे. तिथं महागडा ट्रिगर शोधण्याआधी दस्त्याचं लाकूड आणि बसवणी तपासून घ्या. आणि ट्रिगरच्या पेटीत तेल ओतू नका. तांबडी माती त्यात बसते आणि लगदा होतो.

'दोन पिना काढल्या की झालं.' आपल्याकडं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले आहेत. दुरुस्ती आणि फेरबदल परवानाधारक कारागिरानंच करायचे, आणि बाहेरून भाग मागवायलाही परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला बॅगेतून आणायला सांगू नका.

कारागिरानं ट्रिगर बसवून दिला की त्याच्यासमोरच, रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघून, तीन गोष्टी करून घ्या. सेफ्टी काढून बोल्ट जोरात मिटवा. कुंद्यावर रबरी हातोडीचे ठोके द्या. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. यात एकदा जरी स्ट्रायकर आपोआप सुटून पुढं आपटला, तर रायफल तिथंच ठेवून या.