बाटली म्हातारी झाली म्हणून दारू जुनी होत नाही

इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या मावशीने काल रात्री घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लाल अक्षरांत, ‘आजोबांच्या कपाटातली बाटली फेकू नका, तुम्ही लखपती असू शकता!’ खाली मुद्दे. बाटली जितकी वर्षं घरात, तितकी व्हिस्की जुनी. लेबलवर १८२० असं साल दिसलं तर बाटली दोनशे वर्षांची. मॅकॅलन ह्या स्कॉच व्हिस्कीची एक बाटली बावीस कोटींना गेली, तुमचीही जाऊ शकते. कुठे स्वस्तात जुनी बाटली मिळाली तर सोडू नका. खरी की खोटी हे कळायला चमचाभर पेटवा, निळी ज्योत आली की अस्सल, बिनधास्त प्या. बाटली आडवी ठेवा, नाहीतर कट ग्लासच्या सुरईत ओतून ठेवा. शेवटी एक मोबाईल नंबर: फोटो पाठवा, दीड हजार रुपये ‘तपासणी शुल्क’ भरा, किंमत सांगू. रिकामी बाटलीसुद्धा घेऊ.

एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण मावशीचे यजमान महूला फौजेत होते. त्यांच्यामागे कपाटात कँटीनची रम, कुणीतरी परदेशातून आणलेली स्कॉच आणि अर्धी उरलेली ब्रँडी, अशा तीन बाटल्या आहेत आणि मावशीने त्यांच्या भरवशावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून मापंसुद्धा घेतली. त्याहून वाईट म्हणजे तिच्या जावयाने, आमच्या भाऊजींनी, कुणाकडून तरी ‘जुना स्टॉक’ म्हणून अर्ध्या किमतीत घेतलेली बाटली ह्या मेसेजप्रमाणे पेटवून ‘पास’ केली. ग्रुपवर चमच्याचा फोटोही आहे. तेव्हा आता सविस्तरच सांगतो.

१८२० चा मुद्दा आधी संपवू, कारण त्यात दम नाही. त्या साली जॉन वॉकर नावाच्या मुलाने स्कॉटलंडमधल्या किलमार्नक गावात किराणा दुकान सुरू केलं. ‘जॉनी वॉकर’ व्हिस्कीच्या लेबलवर आहे ते साल त्या दुकानाचं. त्याच लेबलवरचा टोपी घातलेला तो चालणारा माणूससुद्धा १९०८ मध्ये आला. सराफ्यातल्या एखाद्या मिठाईवाल्याच्या पाटीवर ‘स्थापना १९३५’ लिहिलं असतं म्हणून कढईतली जिलबी १९३५ सालची नसते, हे इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता वयाचं. व्हिस्कीचं वय मोजतात ते लाकडी पिंपातलं. स्कॉच व्हिस्कीचे २००९ चे नियम आहेत: ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं; पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको; बाटलीत भरताना अल्कोहोल किमान ४० टक्के; आणि लेबलवर वय छापायचं तर मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं छापायचं. लाकूड रंग देतं, चव देतं, कच्चा उग्रपणा ओढून घेतं. काचेत ह्यातलं काहीच होत नाही. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात तीस वर्षं राहिली तर ती बारा वर्षांचीच राहते, फक्त लेबल पिवळं पडतं. आणि समजा पिंपच घरी आणून ठेवलं असतं, तरी फायदा नव्हता. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, बंगळुरूत दहा ते बारा. दरवर्षी दहावा हिस्सा उडाला तर वीस वर्षांनी जेमतेम बारा टक्के उरतं. इंदूरच्या मे महिन्यात काय झालं असतं त्याचा हिशोब मी करत नाही.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सील शाबूत असेल तर व्हिस्की सहसा खराबही होत नाही. जुन्या बाटल्यांची चव किंचित वेगळी लागते असं मुरलेले पिणारे सांगतात, आणि ते सगळेच थापा मारत असतील असं नाही. पण ‘खराब झाली नाही’ आणि ‘भारी झाली’ ह्यांत फरक आहे.

आता ती निळी ज्योत. बाकी सगळा मेसेज हसण्यावारी नेता येईल, हे एक वाक्य नाही. भाऊजी, हे खास तुमच्यासाठी आहे.

पिण्याच्या दारूत असतं ते इथेनॉल. विषारी दारूत माणसं मारतं ते मिथेनॉल. दोन्ही जळतात आणि दोन्हींची ज्योत निळी असते. मिथेनॉलची तर इतकी फिकट असते की दिवसाउजेडी धड दिसतही नाही. म्हणजे चमच्यावर निळं काही दिसलं तर एवढंच कळतं की चमच्यात जळण्याजोगं अल्कोहोल आहे. कोणतं, ते कळत नाही. वास आणि चव ह्यांवरूनही भल्याभल्यांना ओळखता येत नाही. उलट चाळीस टक्क्यांची अस्सल व्हिस्की पेट घ्यायला साधारण २६ अंश तापमान लागतं. जानेवारीच्या रात्री थंड चमच्यात ती पेटणारच नाही. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने थंडीत खरी नापास आणि उन्हाळ्यात विष पास.

ह्या खुळाचं मूळ बहुधा जुनं आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये दारू बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवून बघत. पेटली तर दारू पुरेशी कडक, म्हणजे ‘प्रूफ’. पण ती परीक्षा पाणी किती घातलंय ह्याची होती, विष आहे का ह्याची नव्हती. कर ठरवायची युक्ती आपण जीव वाचवायची म्हणून वापरतोय.

मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही, हा त्यातला सगळ्यात घातक भाग. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर बसतं. त्रास दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात: धुरकट दिसणं, पोटात कळा, जोराचा श्वास. तोवर माणूस ‘काल जरा जास्त झाली’ म्हणून लिंबूपाणी पीत बसतो. दहा मिलीलिटर शुद्ध मिथेनॉलही डोळे घेऊ शकतं. ह्यावर उपचार आहेत, पण ते दवाखान्यात, आणि वेळेत पोहोचलं तर. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातल्या मुरैन्यात वीसहून जास्त माणसं गेली, त्याच वर्षी जुलैत मंदसौरला गेली. मग ऑगस्टमध्ये विधानसभेने आबकारी कायद्यात दुरुस्ती केली आणि विषारी दारूने जीव गेला तर फाशीपर्यंतची शिक्षा आली. गेलेल्यांपैकी कुणालाही चमचा आणि काडेपेटीने वाचवलं असतं असं मला वाटत नाही. भाऊजी, ती बाटली मोरीत ओता. अर्धी किंमत गेली ती जाऊ द्या.

बावीस कोटींचं म्हणाल तर ती बातमी खरी आहे. मॅकॅलन, १९२६ साली गाळलेली, साठ वर्षं पिंपात राहिलेली, १९८६ मध्ये एका पिंपातून अवघ्या ४० बाटल्या निघाल्या. त्यांतली एक, इटालियन चित्रकार व्हॅलेरियो अदामीचं लेबल असलेली, नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली. जगात चाळीस. मावशीच्या स्कॉचवर ‘१ लिटर, ४३ टक्के’ छापलंय. ही विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातली बाटली, आणि अशा किती निघाल्या असतील ते त्या कंपनीलाच माहीत.

जुन्या बाटल्यांना कधीच किंमत येत नाही असंही नाही. पोर्ट एलन आणि ब्रोरा ह्या स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्या, म्हणजे दारू गाळण्याचे कारखाने, १९८३ मध्ये बंद पडल्या, रोझबँक १९९३ मध्ये. आता तिन्ही पुन्हा सुरू झाल्यात, तरी बंद पडण्याआधीच्या मालासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. लेबलवर टक्क्यांऐवजी ‘७०° प्रूफ’ आणि मिलीलिटरऐवजी फ्लुइड औंस दिसले तर विलायती बाटली साधारण १९८० च्या आधीची असते. मग बघायचं सील, काठापासून पातळी किती उतरलीय, लेबल, मूळ खोकं. मात्र ‘७५° प्रूफ’ किंवा ‘२५ यू.पी.’ (अंडर प्रूफ, म्हणजे प्रूफपेक्षा २५ अंश कमी) दिसलं तर हुरळू नका. ते ४२.८ टक्के झाले, आणि हा आपल्याकडच्या बाटल्यांचा नेहमीचा आकडा. आपल्याकडची बरीच स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीच्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, मिसळून बनते; युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. तिचे लाख कोण देणार?

आणि फोटोवरून तपासणी! इथे एकच दाखला देतो, तो पुरे. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या विद्यापीठांच्या एसयूईआरसी ह्या संशोधन केंद्रात ५५ ‘दुर्मिळ’ बाटल्यांची चाचणी झाली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. तो पिकांत उतरला, पिकांतून दारूत. त्यामुळे बार्ली कोणत्या काळातली हे द्रवातूनच कळतं. ५५ पैकी २१ बाटल्या एकतर सरळ बनावट निघाल्या किंवा सांगितलेल्या सालच्या नव्हत्या. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १८७८ ची म्हणून दिलेल्या मॅकॅलनच्या एका पेल्याला एका चिनी लेखकाने सुमारे दहा हजार फ्रँक मोजले. तपासली तर ती १९७० च्या आसपासची, माल्ट आणि साध्या धान्याची मिसळ. हॉटेलवाल्याने पैसे परत केले. हे सगळे व्यवहार जाणकारांमधले, बाटली हातात घेऊन झालेले. आणि आपल्या मेसेजमधला हा कोण पठ्ठ्या मोबाईलवरच्या फोटोत, तोही मावशीने ट्यूबलाइटखाली काढलेल्या, अस्सलपणा बघणार? लिलाव करणाऱ्या मोठ्या संस्था प्राथमिक अंदाज सहसा फुकट देतात, त्यांची कमाई विक्रीवर असते. आधी शुल्क मागणाऱ्याची कमाई शुल्कावरच असते.

आडवी ठेवण्याचं थोडक्यात: ते वाइनसाठी. व्हिस्कीतलं अल्कोहोल बुचाला खातं, म्हणून बाटली उभी, अंधारात, स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून लांब. आणि मावशी, ती टिचकी मारली की घुमणारी जड सुरई शोकेसमध्येच राहू दे. तसल्या काचेत शिसं असतं आणि महिनोन्‌महिने दारू त्यात राहिली की ते उतरतं.

रिकाम्या बाटल्या का हव्यात, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. साधी रिकामी बाटली अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, काय भावाने नेतो ते घरोघरी ठाऊक आहे. मग झाकण आणि खोक्यासकट विलायती बाटलीला शेकड्यांनी देणारा तिचं काय करतो? भरतो. आणि ती फिरून कुणा भाऊजींकडे ‘जुना स्टॉक’ म्हणून जाते. बाटली टाकताना लेबल खरवडा, झाकण वेगळं टाका.

मावसभावाने रात्री विचारलं, “अगदी दोन-चार हजारही नाहीत?” नाहीत, कारण विकताच येणार नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू विकणं त्याच्या ३४ व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग ती शेजाऱ्याला विका नाहीतर त्या मोबाईल नंबरवाल्याला. कँटीनची रम तर फौजेच्या सवलतीतली, ती बाहेर विकायची मुळातच मनाई. लंडनच्या लिलावात पाठवायची तर निर्यातीचे कागद लागतील, आणि ते करण्याचा खर्च मावशीच्या तिन्ही बाटल्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल. वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करून पुढच्या महिन्याचं सांगा.