टाकीवरचा अंगठा

माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर, डाव्या अंगाला, एका माणसाचा अंगठा उमटलेला आहे. रेषा मोजता येतील इतका ठळक. आठ दिवस मी रोज सकाळी फडक्यानं पुसतोय. जात नाही, कारण तो रंगावर नाही, रंगात आहे.

टाकी रंगवायला लागली ती पोच्यामुळं. पोचा कसा पडला ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझीही चूक होती. लातूरच्या मोंढ्यात, ऐन सोयाबीनच्या हंगामात, पोत्यांच्या थप्पीला खेटून गाडी लावली. वरचा कट्टा घसरला आणि टाकीत आमटीची वाटी बसेल एवढा खड्डा पडला. हमाल म्हणाला, "नशीब, माल सांडला नाही."

पेंटरचं दुकान म्हणजे लिंबाखालचं पत्र्याचं शेड. "आतून ठोकून बाहेर काढा की," मी शहाणपणा केला. त्यानं टाकीचं तोंड माझ्यासमोर धरलं, "घाला हात." खालून बोगद्यासारखा दुसरा पत्रा असतो, हातोडी पोचतच नाही. म्हणून बाहेरून डाख देऊन सळई चिकटवायची आणि पोचा ओढायचा. त्याआधी टाकी पाण्यानं भरायची. पेट्रोल काढलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आत वाफ राहते आणि आच लागली की भडका उडतो.

2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात टाकी काठोकाठ भरलेली बघून मला उगाच बरं वाटलं. घरी फोटो पाठवला. बायकोचं उत्तर आलं, "गच्चीवरची कधी भरताय?"

तिथं एक काका बसतात. ते मालक नाहीत, गिऱ्हाईक नाहीत, पेंटरचे कुणी लागतही नाहीत. पण खुर्ची त्यांची आहे. आम्ही गिऱ्हाइकं डब्यावर.

"केवढ्याला ठरलं, सर?"

"अठराशे."

"त्यात नवी टाकी आली असती की."

"नाही येत हो तेवढ्यात."

"जुनी तर आली असती?"

"जुनी माझीच आहे ना, काका."

हे त्यांना पटलं नाही. "मोंढ्यात कशाला गेलताव?"

"सोयाबीन घालायला."

"काय भावानं गेलं?"

मी सांगितलं. त्यांनी पेंटरकडं बघून मान हलवली, "फसिवलं सरला." पाच मिनिटांत माझी टाकी, माझा माल आणि माझी अक्कल, तिन्ही बुडीत खात्यात गेली.

मग उपाय सुरू झाले. "उकळतं पानी वतायचं, लगेच बर्फ लावायचा. आमच्या साडूच्या पोरानं केलं, टप्पदिशी भाईर आलं."

"ते बंपरचं," पेंटर मान वर न करता म्हणाला. "प्लॅस्टिकचं."

"पन आलं का नाही भाईर?"

पेंटरचा हात मात्र बघत राहावं असा. खड्डा भरायच्या लांबीच्या गोळ्यात ती घट्ट करणारा हार्डनर चिमूटभरच कालवला. काका "अजून टाक" म्हणत होते. जास्त झालं तर लांबी तडकते, एवढं बोलून त्यानं पातीनं ती पोच्यावर ओढली. वाळल्यावर घासायला 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, मग पाणी मारत 600. दर वेळी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्याच्या हाताला कळत होता. शेवटी काळा रंग आणि वर चमकीचा पारदर्शक क्लिअर. टाकीत अख्खा लिंब दिसायला लागला. मला तर स्वतःचाच चेहरा दिसला आणि बऱ्याच दिवसांनी तो बरा वाटला.

पेंटर रंगाची गन धुवायला गेला. काका उठले. मी बघत होतो, पण मला वाटलं, फक्त जवळून बघणार असतील.

त्यांनी अंगठा टेकवला. दाबला. उचलून उजेडात बघितला आणि मला माहिती दिली, "वाळलं नाही अजून."

पेंटर आला, टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पुन्हा घासून मारावं लागंल. चारशे होतील." काका म्हणाले, "कशाला? दिसतंय कुठं?" दोघंही माझं तोंड बघत उभे, जणू अंगठा माझाच. आणि मी काय म्हणालो? "असू द्या काका, चालायचंच." अंगठ्यापेक्षा हे जास्त सलतंय.

कारच्या बॉनेटला परका हात लावायची कुणाची टाप आहे? उभी मोटरसायकल मात्र गावकीची. तिच्या आरशात भांग पाडावा, सीटवर बसून वडापाव खावा, पोरानं अॅक्सिलेटर पिळत 'ढुर्रर्र' करावं आणि त्याच्या बापानं कौतुकानं बघावं. हप्ते मात्र मी फेडलेले.

स्टिकरनं तरी तो अंगठा झाकावा म्हटलं. माझी गाडी 2009 ची, हीरो होंडा. त्या दोन घरांनी 2010 च्या डिसेंबरात वाटणी जाहीर केली, त्यामुळं जुनं स्टिकर एकच निघालं. दुसऱ्या बाजूला नुसतं 'हीरो' लागलं. "जरा वर लावता का?" मी विचारलं. "वाकडं दिसंल," दुकानदार म्हणाला. अंगठा स्टिकरच्या चार बोटं वर राहिला तो राहिलाच.

परवा चहाच्या टपरीपुढं गाडी लावली, तर काका तिथंच. वाकून टाकी बघायला लागले.

"काय हो सर, नवी टाकी आन् हे कशाचं डाग? पुसत जावा की जरा."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली.