चवली म्हणू नका, पाप लागेल

नाणी गोळा करायला लागून तुम्हाला दोन-चार वर्षं झाली, तरीही संग्राहकांच्या बैठकीत तुम्हाला कोणी 'सर' म्हणत नाही? मग दोष तुमच्या नाण्यांचा नाही, जिभेचा आहे. तुम्ही अजून घरी बोलता तसंच बोलता. गेल्या रविवारी अशाच एका बैठकीला बसून आलो. तिथं जे शिकायला मिळालं ते तुमच्यापुढे ठेवतो. फी नको.

आधी 'पैसा' हा शब्द सोडा. समोरच्यानं व्हिक्टोरियाच्या काळातला तांब्याचा पैसा दाखवला रे दाखवला की म्हणायचं, "पैसा नाही, वन क्वार्टर ॲना." नाण्यावर तसंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही हरत नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे पाव आणा आणि पैसा एकच, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण शेंबडी पोरं बैठकीला येत नाहीत. मग कोणी 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा पुढे केला तर? त्यावर तर खुद्द सरकारनंच '1 पाइस' कोरलंय. घाबरू नका. तिथं 'भोकाचा'ला हरकत घ्या. 'होल्ड पाइस' म्हणा. भोक मराठीत असलं की अडाणी, इंग्रजीत गेलं की शास्त्रीय.

'छापा-काटा' तर चुकूनही नको. ऑब्व्हर्स, रिव्हर्स.

नाणं झिजलंय असं म्हणू नका, 'फाइन' म्हणा. अगदीच पुसट झालं असेल तर 'गुड'. हो, प्रतवारीत 'गुड' म्हणजे जवळपास गुळगुळीत. आणि म्हणे आमची टोपणनावं दिशाभूल करतात!

'राणीछाप' म्हणणाऱ्याला मोकळं सोडू नका. खरं तर इथं तुमच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. 1862 ते 1876 च्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे, 1877 पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस', आणि घेताना एवढं ठाऊक नसलं की खिशाला कात्री लागते. लिलावाच्या यादीत वर्ष, टांकसाळ, धातू, वजन सगळं चोख हवंच. मीही तसंच लिहितो. पण तुम्ही ते सांगायला तोंड उघडतच नाही. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायला उघडता. असो. सल्ला देतोय, रागवायचं नाही.

टोपणनावं सरसकट वाईट असतात असंही नाही. पुस्तकात छापून आलेली चालतात. शिवराई चालते. 1674 च्या राज्याभिषेकानंतरची ती तांब्याची शिवराई हातात घ्या आणि भिंग लावून बघा: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 'शिवराई' हा शब्द कुठं आहे? कुठंच नाही. तो लोकांनी दिला. पुढे पेशवाईत मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा आल्या, तिला लोक दुदांडी म्हणाले. पुण्याच्या रुपयावर फारसीत नाव दिल्लीच्या शाह आलमचं, टांकसाळ 'मुहियाबाद पूना', पण बाजूला एक अंकुशाची खूण होती म्हणून तो झाला अंकुशी. चांदवडला पडला तो चांदवडी. हे सगळे सराफाच्या पेढीवरचे, आठवडी बाजारातले शब्द. जुन्या काळी कोणी वहीत टिपून घेतले की ते नाणकशास्त्र. आजी आज बोलली की ते गावठी.

1911 सालचा पंचम जॉर्जचा रुपयाही कोणी 'डुक्कर रुपया' म्हणून दाखवला तर कपाळाला आठ्या घाला. राजाच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला आणि 1912 च्या रुपयावर सरकारनं हत्ती नीट सोंडेसकट काढला. सरकार नमलं. पण तुम्ही नमू नका. सरकारला कुठे बैठकीत 'सर' म्हणवून घ्यायचं होतं?

आता चवली.

रविवारी एक गृहस्थ आले, सत्तरीच्या पुढचे. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत नाणी रुमालात बांधलेली. म्हणाले, "आईचं आहे. विकायचं नाही. काय काय आहे एवढं कळलं तर बरं." रुमाल सोडून त्यांनी एक नाणं पुढे केलं. चौकोनी, कोपरे गोल केलेले, राजाचा मुकुट झिजून नुसता उंचवटा उरलेला, मागे मोठा 2. "ही चवली," ते म्हणाले.

आमच्या तज्ज्ञांनी नाणं हातातही घेतलं नाही. "काका, चवली म्हणजे चवन्नी. ती चार आण्यांची. हे टू ॲनाज आहे. क्यूप्रो-निकेल, जॉर्ज फिफ्थ."

काका म्हणाले, "चार आण्याला आम्ही पावली म्हणायचो."

दोघं-तिघं हसले.

हसायला काय झालं? मराठीत चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. हिंदीत दुअन्नी, चवन्नी, अठन्नी. चवली आणि चवन्नी कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीत दोन चवल्या मावतात. ज्याला 'चवली-पावली' हा जोडशब्द माहीत आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: आधी लहान, मग मोठी, जशी सुटी नाणी हातावर मोजतात तशी. 1957 च्या 1 एप्रिलला दशमान पद्धत आली, आणे कायद्यानं संपले, पैसे 'नये' झाले आणि 1964 मध्ये ते 'नये'पणही गेलं. तरी 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे बंद झाले तेव्हा घराघरात लोक काय म्हणाले? "चार आणे बंद झाले." चोपन्न वर्षं झाली होती! त्या सगळ्यांना उभं करून दुरुस्त करायचं होतं का तुम्हाला? आणि काकांना इंग्रजीत ऐकवलेलं 'टू ॲनाज' बरोबर आणि त्यांची 'चवली' चूक, हे कोणत्या तर्कानं? दोन्हींचा अर्थ एकच आहे. फरक एवढाच की एक शब्द नाण्यावर वाचून कोणालाही कळतो, दुसरा कळायला ते नाणं कोणी तरी वापरलेलं असावं लागतं.

काकांनी मग भोकाचा पैसा काढला. त्यात अजून काळा दोरा होता. "माझ्या करगोट्यात आईनं ओवला होता," असं ते सांगत होते, तोवर उत्तर आलंही: "होल्ड पाइस. कॉमन आहे. दोरा काढून ठेवा, कंडिशन जाते."

आता उपरोध वगैरे पुरे. अहो, लाज वाटू द्या. वैष्णोदेवीच्या चित्राचं साधं चालू नाणं दहा लाखाला विकायला निघालेल्याचा फोन तुम्ही रात्री अकरालाही हसत घेता. 1818 साल कोरलेलं हनुमानाचं बनावट नाणं घेऊन आलेल्याला खुर्ची देता, समजूत घालता. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखात विकू पाहणाऱ्याशी तर काय गोड बोलता! आणि खरी चवली, खऱ्या नावानिशी, ती वापरलेल्या माणसाच्या हातातून तुमच्या टेबलावर आली तर तिचं नाव पुसून तुम्ही त्यावर यादीतलं नाव चिकटवता. त्या माणसाला विचारायचं सोडून! चवलीत काय यायचं, आईनं ती कुठं ठेवली होती, तांबडा पैसा कुठला आणि ढब्बू कुठला, गावात शिवराई कधीपर्यंत घेत होते, हे तुमच्या कुठल्या यादीत आहे? वजन-धातू कोणीही काट्यावर ठेवून सांगेल. हे सांगणारी माणसं किती उरलीत, मोजा एकदा. आणि तुम्ही त्यांनाच शुद्धलेखन शिकवताय, तेही चुकीचं.

काकांनी रुमालाला गाठ मारली. डब्याच्या तळाशी कागदाची एक पुडी होती, दोऱ्यानं गच्च बांधलेली, बघूनच जड वाटत होती. ती त्यांनी सोडलीच नाही. झाकण लावलं, दाबलं, उठले. दारापाशी मी त्यांना गाठलं तर त्यांनी मलाच विचारलं, "मग तिला म्हणायचं तरी काय?"

"चवलीच," मी म्हणालो. पण मागे टेबलापर्यंत ऐकू जाणार नाही इतक्या हळू.